घरात एकच भाषा

माझं अक्षर वाईट आहे. देवपुरातले औषधवाले ते कसंबसं लावतात म्हणून माझा दवाखाना चालतो, असं माझी बायको म्हणते. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून पंचवीसेक वर्षांत मी जे खरडलं, त्यातलं बरंचसं पेशंटच्या घरच्यांना वाचता आलेलं नसणार, आणि त्यावाचून कुणाचं फारसं अडलं असंही नाही. एकदाच मी नीट, सुवाच्य अक्षरात चार शब्द लिहिले. तो कागद एका घरात आठ महिने फ्रिजवर लावलेला होता.

त्या घरातला मुलगा दीड वर्षाचा असताना लस घ्यायला आला होता. बरोबर आई होती आणि आजी, म्हणजे वडिलांची आई. लस टोचायच्या आधी मी मुलांना चित्रांचे पत्ते दाखवतो. टोचल्यानंतर कुठलंही मूल माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. गाय, चेंडू, केळं, चप्पल, डोळे. किती चित्रं ओळखतो, किती शब्द येतात, बोट दाखवतो का, हाकेला वळतो का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. बाहेर गर्दी असली की मी तीन मिनिटांत उरकतो. त्या दिवशी गर्दी होती.

मुलगा तरतरीत होता. गाय बघून हंबरला. चेंडू बघून दोन्ही हात पुढे केले. केळ्याचं चित्र दिसल्यावर मोठ्यांदा म्हणाला, “केय!” आणि आईकडे बघितलं. आईचा चेहरा फुलला. तीही हळूच म्हणाली, “हा, केय.”

“केय काय, केय!” आजी म्हणाल्या. “केळं म्हण रे राजा. के-ळं.”

इथे थोडं सांगायला हवं. आईचं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांमधलं. त्या बाजूच्या खेड्यांत, आणि खानदेशात बऱ्याच ठिकाणी, घरच्या बोलण्यात ‘ळ’ नसतो, त्याचा ‘य’ होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं गाव एरंडोल तालुक्यातलं आहे. दहाव्या वर्षापर्यंत मीही डोयाच म्हणायचो. मग जळगावच्या वसतिगृहात आलो. तिथे पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून धडा वाचताना शाळेला ‘शाया’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी जीभ अशी घासूनपुसून घेतली की माझ्या बोलण्यावरून मी कुठला हे आता कुणाला ओळखू येत नाही. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच होता.

तर ‘केय’ ऐकल्यावर मी कागदावर ‘शब्द येतो’ या रकान्यात बरोबरची खूण करायला हवी होती. मी लिहिलं, ‘ळ अस्पष्ट’. दीड वर्षाच्या मुलाचा ळ अस्पष्टच असतो. पुण्यातल्या मुलाचाही असतो.

आजींनी तो धागा पकडला. “डॉक्टर, तुम्हीच सांगा आता. ही त्याच्याशी खेड्यातलं बोलते, आम्ही आपले मराठी बोलतो. दोन-दोन भाषांनी मूल गोंधळतं की नाही? पुढे शाळेत काय करायचं त्याने?”

लहान मुलांना दोन भाषांचा काही त्रास होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. वाचलेलं होतं, एका कार्यशाळेत ऐकून मान डोलावलेली होती. तरी मी इंजेक्शन भरता भरता म्हणालो, “हो, एकच भाषा ठेवा घरात. शुद्ध बोला त्याच्याशी.” हे माझ्या तोंडून का गेलं याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. वाचलेलं एकीकडे राहिलं आणि वर्गात हसं झालेला पोरगा बोलला, एवढंच मला सापडलं.

“तेवढं लिहूनही द्या,” आजी म्हणाल्या. “आमचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं लिहिलेलं ऐकतात.”

मी तापाच्या औषधाखाली लिहिलं: ‘घरात एकच भाषा. शुद्ध.’ घाई असूनही अक्षर चांगलं आलं. आई खाली मान घालून मुलाची चड्डी वर करत होती. तिने त्यानंतर माझ्यासमोर एक शब्द काढला नाही, आणि मला ते तेव्हा जाणवलंही नाही.

आठ महिन्यांनी ती तिघं परत आली. आता मुलगा सव्वादोन वर्षांचा व्हायला आला होता आणि बोलत नव्हता. उशिरा बोलणारी मुलं मी रोज बघतो, त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. पण हा बोलायला लागून थांबला होता. आलेले शब्द गेले की आम्ही डॉक्टर लोक कान टवकारतो. मी माझ्याकडचा जुना तपासणीचा कागद काढला. त्यावर सात शब्द लिहिलेले होते. आता एकही नव्हता.

मी पत्ते दाखवले. त्याने चित्रांवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं. डोळ्याला डोळा देत होता. हाकेला वळत होता. माझा मोबाइल उचलून कानाला लावून येरझाऱ्या घातल्या, अगदी मोठ्या माणसासारख्या, फक्त तोंड बंद ठेवून. मी कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. कान चांगले निघाले. मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ नाशिकला आहेत, त्यांना चिठ्ठी दिली. त्यांची वेळ दीड महिन्यानंतरची मिळाली.

या दीड महिन्यात त्या घरात काय चाललं होतं, ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. शेजारची एक बाई मुलाला सरळ मुका म्हणायला लागली होती. वडील कारखान्यातून संध्याकाळी परत येत आणि मुलाला समोर बसवून ‘पप्पा म्हण, पप्पा म्हण’ करत. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत राही आणि शेवटी रडे. एकदा त्यांनी मला फोनवर दबक्या आवाजात विचारलं, “सर, तो साध्या शाळेत तर जाईल ना?” मी म्हणालो, इतक्यात काही सांगता येणार नाही. ते खरं होतं, आणि कुठल्याही बापाला त्या उत्तराने झोप आली नसती.

आणि त्याची आई. ती निम्मी झाली होती. मी तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. वर सल्ला दिला, “त्याच्याशी भरपूर बोलत जा.”

“हो सर,” ती म्हणाली.

मला वाटलं, लाजाळू आहे.

आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या सेविकाबाई दर गुरुवारी दवाखान्यात येतात. वजन न वाढणारी, सारखी आजारी पडणारी मुलं त्या माझ्याकडे आणतात आणि मी त्यांच्याकडून वस्तीतल्या बातम्या घेतो. आम्ही एका वयाचे आहोत. त्या मला भाऊ म्हणतात, मी त्यांना ताई. त्या कुणाशीही अहिराणीतच, आमच्या खानदेशी बोलीतच बोलतात, कलेक्टर आला तरी बोलतील. मी त्यांना त्या मुलाच्या घरी जाऊन यायला सांगितलं होतं. गृहभेट त्यांच्या कामातच बसते. त्या गेल्या, आणि एकदा नाही, तीनदा गेल्या.

तिसऱ्या भेटीनंतर खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “भाऊ, ती पोऱ्यासंगे बोलसच नही. एक शबद बी नही.”

त्यांनी पाहिलं ते असं. आई मुलाला भरवते, पण मुकाट्याने. घास पुढे करते, तोंड पुसते, पाणी देते. आंघोळ घालताना पाण्याचाच आवाज. मुलगा काही दाखवायला आला की हसते, मान हलवते, डोक्यावरून हात फिरवते, बस. आजी मधून मधून ‘चेंडू म्हण, फूल म्हण’ असा वर्ग घेतात आणि कामाला लागतात. बाकीचा वेळ टीव्ही बोलतो. ताई निघाल्या तेव्हा आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. जिन्यातून त्यांना आवाज आला, “माय, काय रांधं आज?” आई माहेरी फोनवर बोलत होती. गच्चीचं दार लोटून घेऊन ती दहा मिनिटं धबधब्यासारखी बोलली, हसली, कुणाला तरी रागावलीसुद्धा. मग दार उघडून खाली आली आणि तोंडाला पुन्हा कुलूप.

ताईंनी तिला तिथेच जिन्यात धरलं. पोराशी का बोलत नाहीस? तर ती म्हणाली, डॉक्टरांनी मनाई केली आहे. मला शुद्ध येत नाही. माझ्या तोंडून चुकीचं गेलं तर ते त्याला लागेल. आणि ताईंना फ्रिजवरचा कागद दाखवला.

“तुमनंच अक्षर शे,” ताई म्हणाल्या. “चांगलं शे.”

मला पहिल्यांदा आजींचा राग आला. असा राग फार सोयीचा असतो. मग आईचा आला, की एवढं शब्दशः घेतं का कुणी? नंतर मी दाराला आतून कडी लावून पाच मिनिटं बसलो. बाहेर एक मूल किंचाळत होतं. ती बाई तिच्या मुलाला माझ्या सांगण्यावरून एक औषध रोज, न चुकता, आठ महिने देत होती, आणि ते औषध म्हणजे तिचं गप्प बसणं होतं. इतक्या काटेकोरपणे माझं कुणीच कधी ऐकलेलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. याहून वेगळा शब्द मला सुचत नाही.

मी घरी जाऊन पेशंट बघणं केव्हाच बंद केलं होतं. त्या शनिवारी दुपारी ताईंबरोबर गेलो. घर स्वच्छ, दोन खोल्यांचं. फ्रिजवर आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली तो कागद होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या. आजींनी चहा टाकला. मी सगळ्यांना समोर बसवलं आणि बोलायला लागलो. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. आईला जी भाषा मनापासून येते, तिच्यातच तिने मुलाशी बोलावं. मूल त्यातूनच बोलायला शिकतं, पुढे शाळेत दुसरी भाषा आपोआप येते. मी तेव्हा सांगितलं ते चूक होतं, माझी चूक होती. हे सगळं मी मुद्देसूद सांगितलं, कॉलेजात शिकवल्यासारखं.

आजी भडकल्या. सुनेला आम्ही गप्प केलं असा याचा अर्थ होतो, आणि तो त्यांना बरोबर कळला होता. “माले काय म्हनतस?” त्या एकदम म्हणाल्या. “तुमीच सांगेल व्हतं ना!”

आजींनी पदर तोंडावर घेतला. चाळीस वर्षं जपून ठेवलेली मराठी रागाच्या एका झटक्यात पडली होती. त्यांचं माहेरही साक्रीकडचं एक खेडं, हे मला तेव्हा कळलं. ताईंना हसू आवरेना. मला मात्र त्या बाईंबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. आम्ही दोघं एकाच वर्गात हसं झालेले होतो.

आई हसली नाही. मी तिला विचारलं, “मग बोलशील ना त्याच्याशी?”

“हो सर,” ती म्हणाली. तोच आवाज, तीच खाली मान. मला कळून चुकलं की हिला हे पटलेलं नाही. हिला वाटतंय, ही आणखी एक परीक्षा आहे.

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “तुम्ही शुद्ध मराठीमा सांगी ऱ्हायनात, शुद्ध नका बोला म्हनीसन.”

माझी आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्यानंतर मी अहिराणी बोललो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर तिच्याशीही मी मराठीतच बोलायचो. ती अहिराणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचो, फोनवर तिने कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. आता त्या दोन खोल्यांच्या घरात चहाचा कप हातात धरून मी शब्द शोधत होतो आणि ते सापडत नव्हते. शेवटी म्हणालो, “तुनं पोऱ्या… तुनं पोऱ्या हुशार शे.”

आईने मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. मग तिच्या तोंडून निसटलं, “तुनं नही, सर. तुना. तुना पोऱ्या, मना पोऱ्या.”

आणि ती हसली. खुदकन नाही, चांगली खळखळून, पदर तोंडाला न लावता. मुलगा कोपऱ्यात प्लास्टिकच्या वाट्या एकावर एक ठेवत होता. त्याने वाट्या टाकल्या, आईजवळ आला, तिच्या मांडीवर चढला आणि तिचे ओठ बोटांनी चाचपू लागला.

“तुना पोऱ्या,” मी सुधारून म्हणालो. “त्यानासंगे बोल. बठ्ठं बोल.” सगळं, मनात येईल ते.

फ्रिजवरचा कागद मी स्वतः काढून खिशात घातला.

यानंतर मुलगा बोलायला लागला असं लगेच सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तीन आठवडे काही झालं नाही. घरात आईची जीभ अडायची, आजी समोर असल्या की जास्तच. ताईंनी त्यावर उपाय काढला. रोज सकाळी मुलाला घेऊन अंगणवाडीत ये, तासभर बस, मुलांना खिचडी वाढायला मला मदत कर. तिथे सगळ्या बायका मोकळेपणाने बोलतात, कुणी कुणाचा ळ तपासत नाही. ती जायला लागली. नाशिकची वेळही आम्ही चुकवली नाही. तिथल्या तज्ज्ञांनी दोन तास घेतले, आज काळजीचं काही दिसत नाही म्हणाले, चाललंय तेच चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी या. मला जरा हायसं वाटलं. आईला वाटलं नसावं. मुलगा अजून गप्पच होता.

एक दिवस ऐन गर्दीत ताईंचा फोन आला. एरवी त्या गुरुवारशिवाय कधी त्रास देत नाहीत.

“भाऊ, पोऱ्या बोलना!” पोरगा बोलला होता.

अंगणवाडीच्या पडवीत कुणाची तरी बकरी शिरली होती आणि तिने सरळ त्याच्या ताटलीत तोंड घातलं. आई दुसऱ्या मुलांना वाढत होती, पाठमोरी. तो ओरडला, “माय, देख! देख!” आईच्या हातातला डाव खाली पडला. बकरीने तेवढ्यात ताटली साफ केली, हेही ताईंनी सांगितलं. मी पुढचं मूल तपासायला घेतलं, पण त्याच्या छातीत काय ऐकू येतंय याकडे माझं लक्ष नव्हतं, म्हणून दोनदा तपासलं.

शब्द एकेक करत आले, मग जोडीने आले. काही आईचे, काही टीव्हीतले, काही शेजारच्या मुलांचे. आजी आता सगळ्यांना सांगतात की मी पहिल्यापासून म्हणत होते, पोरगं बोलणार. परवा ताईंबरोबर त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्या नातवाला हाक मारताना मी ऐकलं, “आठे ये रे!” मी ऐकलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मुलगा तीन वर्षांचा होऊन गेल्यावर शाळेच्या प्रवेशासाठी दाखला घ्यायला तिघं आली. साध्या शाळेत. शाळेचा अर्ज वडिलांनी स्वतः भरला होता. मुलगा टेबलावर चढून बसला, माझ्या गळ्यातली नळी ओढून म्हणाला, “हाई काय शे?” मी सांगितलं. त्याने तो शब्द तीन वेळा मोडून बघितला आणि नाद सोडला. मी त्याला तपासलं, सही केली, शिक्का मारला. आजी त्याला घेऊन बाहेर गेल्या. तो जाताना पायऱ्या मोजत गेला, दोननंतर पाच.

आई मागे थांबली. आताशा ती माझ्याशी अहिराणीतच बोलते आणि मी जमेल तसं उत्तर देतो. मला वाटलं, हिला स्वतःबद्दल काही विचारायचं असेल. गोळ्या चालू ठेवायच्या का वगैरे. ती दाराशी उभी राहून बाहेर मुलाकडे बघत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “ते आठ महिना त्याना ध्यानमा राहतीन का?”

“नही,” मी म्हणालो. एवढं मला डॉक्टर म्हणून खात्रीने सांगता येत होतं. त्या वयातलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्याला आता कधी आठवणार नाही की आपली आई आपल्याशी बोलत नव्हती.

तिने मान हलवली. तिला हे उत्तर हवंच होतं, पण तेवढ्याने तिचं भागलं नाही हे दिसत होतं. माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. दाखला घडी करून तिने पिशवीत ठेवला.

“मना ध्यानमा राहतीन,” ती म्हणाली.